एक वीत, चार बोटे

मुंबईहून न्यूयॉर्क किती लांब, हा प्रश्न मला आयुष्यात जितक्या वेळा विचारण्यात आला, तितक्या वेळा माझी प्रकृती कशी आहे हेदेखील कोणी विचारले नसेल. विमान कंपनीत नोकरीला असलेला मनुष्य म्हणजे विमान चालवणारा, अशी आमच्या चाळीची ठाम समजूत होती. ती दूर करण्याचा प्रारंभी मी प्रामाणिकपणे प्रयत्न केला, परंतु 'मग तुम्ही तिकिटे देता का?' हा पुढचा प्रश्न हटकून येऊ लागल्यावर तो नाद सोडून दिला. वस्तुतः मी तिकिटेही देत नसे आणि विमानही चालवत नसे. उड्डाणापूर्वी त्याचा मार्ग, उंची, लागणारा काळ आणि लागणारे इंधन यांचा हिशेब मांडून तो कागद कप्तानाच्या हाती ठेवायचा आणि त्याच्या सहीशेजारी आपलीही सही करायची, हा माझा पेशा. आमच्या हुद्द्याचे नाव 'डिस्पॅचर'. हा शब्द कानी पडताच टपाल रवाना करणाऱ्या कारकुनाची मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते, आणि खरे सांगायचे तर ती अगदीच विसंगत नाही. आम्हीही रवानगीच करत होतो. आमच्या लखोट्यात दीडशे-तीनशे माणसे असत, एवढेच.

माझी आजी राजापूर तालुक्यातली. तिच्या हिशेबी अंतर हे कोसांत किंवा मैलांत नसे, ते मुक्कामांत असे. सकाळी निघून दिवे लागायच्या सुमारास जिथे पाठ टेकायची ती एक मजल, आणि ज्या गावाला जायला अशा तीन मजला लागतात ते गाव दूरचे. मला नोकरी लागल्याचे कळल्यावर तिने 'विलायत किती मुक्कामांवर रे?' एवढेच विचारले. मी तिला सांगितले की, १९४८ सालच्या ८ जूनला आपल्या देशाचे 'मलबार प्रिन्सेस' नावाचे विमान पहिल्यांदा लंडनला निघाले, तेव्हा ते वाटेत कैरोला आणि जिनीव्हाला उतरले होते. आजीने बोटांवर मोजले आणि 'म्हणजे तिसऱ्या मजलेस' असे म्हणून तिने विषय संपवला. त्या विमानाने पाच हजार मैलांची वाट चालली होती आणि त्यात पस्तीस उतारू होते, हा तपशील सांगायला मी तोंड उघडले, तोवर ती तांदूळ निवडायला बसली होती. त्या दिवशी मला तिच्या अडाणीपणाचे हसू आले. पुढे पस्तीस वर्षे तोच धंदा केल्यावर माझ्या ध्यानात आले की, आमच्या दप्तरात जो प्रश्न प्रथम विचारायचा असतो, तोच तिने नेमका विचारला होता.

१९६८ साली मी सांताक्रूझच्या विमानतळावर रुजू झालो, तेव्हा गणिताची पदवी आणि स्वतःविषयी बराचसा गैरसमज, एवढेच माझे भांडवल होते. पहिल्याच दिवशी आमच्या वरिष्ठांनी जगाचा एक मोठा सपाट नकाशा मेजावर पसरला आणि 'मुंबईहून न्यूयॉर्कला रेघ ओढा' असे फर्मावले. मी फूटपट्टी लावून रेघ ओढली. ती अरबस्तानावरून ईजिप्तच्या दक्षिण भागात गेली, लिबिया, अल्जीरिया, मोरोक्को पार करून अटलांटिक महासागरात उतरली आणि तिरपी तिरपी होत न्यूयॉर्कला पोचली. इतक्या सरळ रेघेत खोट काढायला काय जागा आहे, अशा मुद्रेने मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी काही न बोलता मेजाच्या खणातून शिवणाच्या पांढऱ्या दोऱ्याचे रीळ काढले, कोपऱ्यातला बारा इंच व्यासाचा पृथ्वीगोल पुढे ओढला, दोऱ्याचे एक टोक अंगठ्याने मुंबईवर दाबून धरले आणि दुसरे न्यूयॉर्कवर ताणले. दोरा माझ्या रेघेच्या आसपासही फिरकला नाही. मुंबईतून निघाला तो थेट उत्तरेची वाट धरल्यासारखा सौराष्ट्र, कच्छ, सिंध, अफगाणिस्तान असा वर चढला. अरल समुद्र उजव्या हाताला ठेवून मॉस्कोच्या डोक्यावरून गेला. स्वीडन, नॉर्वे, आइसलंड ओलांडून त्याने ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला स्पर्श केला, आणि मग कुठे लॅब्राडॉरच्या किनाऱ्याने खाली उतरत तो न्यूयॉर्कला आला.

'आता हा कापून हातावर मोजा,' ते म्हणाले. मी मोजला. एक वीत आणि वर चार बोटे.

'हे अंतर कधी बदलायचे नाही,' दोऱ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, 'बदलते ते बाकीचे सगळे. आणि आपल्याला पगार मिळतो तो त्या बाकीच्याचा.'

तो दोरा आकड्यांत सांगायचा तर सुमारे ६,७६० सागरी मैल, म्हणजे साडेबारा हजार किलोमीटर. माझ्या फूटपट्टीची रेघ ७,६६० सागरी मैलांच्या घरात जाते. सपाट कागदावर सरळ दिसणाऱ्या वाटेने मी नऊशे मैलांचा, म्हणजे जवळजवळ दोन तासांचा वळसा घातला होता. गोल वस्तूची साल कागदावर सपाट पसरायची म्हटले की ती कुठेतरी ताणली जाणारच, आणि ज्या नकाशांवर आम्ही शाळेत भूगोल शिकलो, त्यांत ही ताण उत्तरेकडे वाढत जाते; ग्रीनलंड त्यात आफ्रिकेच्या तोडीचे दिसते, वास्तविक आफ्रिकेत तशी चौदा ग्रीनलंडे मावतील. सागरी मैल हे मापही याच गोलाईतून निघाले आहे. पृथ्वीच्या परिघाच्या एका अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. पृथ्वीच्या देहावरूनच हे माप घेतलेले असल्यामुळे आमच्या धंद्यात किलोमीटरला कधीच फारशी प्रतिष्ठा लाभली नाही.

आता हा दोरा म्हणजे विमानाची वाट, असे कोणी समजेल तर तोही माझ्याइतकाच फसेल. मी नोकरीला लागलो तो शीतयुद्धाचा काळ होता. मॉस्कोच्या डोक्यावरून वाटेल त्याने वाटेल तेव्हा उडावे, अशी सोय नव्हती. शिवाय त्या काळच्या बोइंग ७०७ विमानाला इतकी मोठी मजल एका दमात मारणे शक्यच नव्हते. १९६० सालच्या मे महिन्यात एअर इंडियाची न्यूयॉर्क सेवा सुरू झाली ती लंडनमार्गे. येथे भूगोलाने आपल्यावर एक उपकार केलेला आहे. मुंबई ते लंडन सुमारे ३,८९० सागरी मैल आणि लंडन ते न्यूयॉर्क सुमारे ३,०००. दोन्हींची बेरीज दोऱ्याच्या लांबीपेक्षा जेमतेम १३० मैलांनी अधिक भरते. लंडन हे राजकीय कारणांनी आपल्या वाटेत आले, असे आपण मानतो. पण गोलावर दोरा ताणून पाहिला तर ते वाटेतच होते, असे आढळते. इतिहासाच्या अभ्यासकांनी यावरून काही सिद्धान्त काढू नये, एवढीच विनंती.

आमच्या दप्तरात दोन घड्याळे होती. एक मुंबईची वेळ दाखवी, आणि तिकडे आम्ही घरी जाण्याचा वक्त झाला की नाही, एवढे पाहण्यापुरतेच बघत असू. दुसरे ग्रीनिचची वेळ दाखवी. आमचा सारा व्यवहार त्या घड्याळावर चाले. कारण विमान ज्या मुलखावरून जाते, तिथल्या प्रत्येकाची वेळ निराळी, आणि कागदावर तर एकच वेळ लिहिता येते. मुंबईकराला वेळेच्या बाबतीत परक्याचा हुकूम सहसा मानवत नाही. सर्व देशासाठी एकच वेळ १९०६ साली ठरली, तरी या शहराने आपली स्वतःची, तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत हट्टाने चालू ठेवली होती. माझ्या लहानपणी घरातली वडील माणसे अजून 'जुन्या वेळेप्रमाणे' असे बोलत. अशा शहरात जन्मलेल्या माणसाला पोटासाठी ग्रीनिचचा अंमल पत्करावा लागला. रात्री दीड वाजता विमान सुटायचे असले की कागदावर आदल्या दिवसाचे वीस वाजलेले असत. म्हणजे माझ्या कॅलेंडरवर बारा तारीख आणि माझ्या दप्तरी अकरा. या अर्ध्या रात्रीच्या फरकाने एकदा मला चांगलाच धडा शिकवला. तो पुढे सांगतो.

रात्रपाळीचे काम साधारण असे चाले. सुटण्याच्या तीन-चार तास आधी हवामान खात्याचा माणूस नकाशांची गुंडाळी आणून देई. त्या कागदांना एक ओलसर, औषधी वास येई. हातांना शाई लागे. तीस हजार, चौतीस हजार, एकोणचाळीस हजार फुटांवरचे वारे त्यांत बाणांनी दाखवलेले असत, आणि बाणाच्या शेपटीला जितकी पिसे तितका वारा जोराचा. त्या बाणांवर आपला मार्ग पेन्सिलीने आखायचा, मार्गाचे पाच-पाच अंशांचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यावर वारा समोरून किती आणि पाठीमागून किती, हे एका गोल सरकपट्टीवर फिरवून काढायचे आणि रकान्यात भरायचे. एका तक्त्यात असे पंधरा-वीस रकाने. अंतर, दिशा, वाऱ्याचा घटक, जमिनीवरचा वेग, मिनिटे, इंधन. मग पुन्हा अंतर. खाली बेरीज. बेरजेखाली वाढावा: नियत विमानतळ बंद निघाला तर दुसऱ्यावर जाण्याइतके इंधन, तिथे अर्धा तास घिरट्या घालण्याइतके, आणि आमचा अंदाज चुकला तर म्हणून शेकडा काही. हे शेवटचे कलम ज्याने नियमात घातले, त्याला मनुष्यस्वभावाची चांगली जाण असली पाहिजे. त्या काळी विमानात दिशादर्शक अधिकारी असे. तो छपरातल्या खिडकीतून सेक्स्टंट लावून तारे पाही आणि आमचा हिशेब आकाशात पडताळी. आमच्या चुका ताऱ्यांच्या साक्षीने उघडकीस येत. पुढे यंत्रे आली, दिशादर्शक घरी बसले, आणि आमच्या चुका पकडायला फक्त इंधनाचा काटा उरला.

वाऱ्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण 'जायला इतका वेळ आणि यायला तितका का?' या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी आहे. उत्तर गोलार्धात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा एक वेगवान प्रवाह असतो. हिवाळ्यात तो ताशी शंभर-दीडशे सागरी मैलांनीही धावतो आणि आपल्या उत्तर हिंदुस्थानावरूनही जातो. आपल्याकडून अमेरिकेस जाणारे विमान त्याच्या अंगावर जाते, येणारे त्याच्या पाठीवर बसून येते. सामान्य माणसाची समजूत अशी की, जाताना जे गमावले ते येताना परत मिळते आणि खाते चुकते होते. तसे होत नाही. लंडन ते न्यूयॉर्क तीन हजार मैल धरा आणि विमानाचा वेग ताशी ४८० मैल. वारा नसेल तर सव्वासहा तास, जाऊन येऊन साडेबारा. आता ८० मैलांचा वारा समोर आला तर वेग उरतो ४००, आणि जायला लागतात साडेसात तास. येताना तोच वारा पाठीशी, वेग ५६०, लागतात ५ तास २१ मिनिटे. बेरीज १२ तास ५१ मिनिटे. एकवीस मिनिटे बुडाली ती बुडालीच. कारण साधे आहे: प्रतिकूल वाऱ्यात विमान अधिक काळ राहते आणि अनुकूल वाऱ्यातून ते लवकर बाहेर पडते. हा हिशेब मी नव्या उमेदवारांना शिकवीत असताना एकाने विचारले होते, 'साहेब, संसाराचेही असेच असते का?' त्याचे नुकतेच लग्न झाले होते. मी त्याला पुढचे उदाहरण सोडवायला सांगितले.

पुढचे उदाहरण असे की, याच वाटेवर अटलांटिकवर असताना विमानाचे एक इंजिन बंद पडले तर पुढे जावे की मागे फिरावे? मध्यापर्यंत मागे, मध्यानंतर पुढे, असे उत्तर येते. पण मध्य कोणता? अंतराचा मध्य दीड हजार मैलांवर आहे. परंतु समोरून ८० मैलांचा वारा असताना मागे फिरणारे विमान ५६० च्या वेगाने परतेल आणि पुढे जाणारे ४०० च्या वेगानेच रखडत जाईल. तेव्हा दोन्हीकडे सारखाच वेळ लागेल असे ठिकाण १,७५० मैलांवर येते. हा समकालबिंदू आम्ही प्रत्येक उड्डाणाच्या कागदावर लिहून देत असू, आणि तो प्रत्येक रात्री निराळा निघे. समुद्राचा मध्य रोज जागा बदलतो, हे ऐकून आजीला बिलकूल आश्चर्य वाटले नसते. नदीला पाणी असले की पलीकडचे गाव लांब जाते, हे तिला ठाऊकच होते.

आता तो धडा. सत्तरच्या दशकातल्या एका जानेवारीत फ्रँकफर्टला थेट जाणाऱ्या विमानाचा हिशेब माझ्याकडे होता. ग्रीनिचच्या तारखेवर जगण्याची सवय आता आपल्या अंगी पुरती मुरली, अशा घमेंडीत मी होतो. विमान सुटणार ग्रीनिचच्या अकरा तारखेला रात्री आठ वाजता. गुंडाळीतून मी अकरा तारखेचा वाऱ्याचा नकाशा निवडला आणि त्यावर तक्ता भरला. नकाशावर तारीख अकरा होती खरी, पण वेळ होती शून्य तास; म्हणजे तो विमान सुटण्याच्या वीस तास आधीचा वारा होता. ज्या वाऱ्यातून ते विमान प्रत्यक्ष रात्रभर जाणार होते, तो बारा तारखेच्या शून्य तासांच्या नकाशावर होता आणि तो नकाशा माझ्या कोपराखाली घडी घालून पडला होता. त्या वीस तासांत प्रवाह दक्षिणेकडे सरकून बरोबर आमच्या वाटेवर आला होता. तीस मैलांचा समोरचा वारा माझ्या हिशेबातून गळला. साडेतीन हजार मैलांच्या वाटेवर तीस मैलांनी अर्धा-पाऊण तास जातो, आणि तेवढ्या वेळाला लागते तीन-चार टन इंधन. चुकीसाठी ठेवलेला वाढावा त्यापुढे अपुरा होता. दिशादर्शकाला प्रत्येक ठाण्यावर पोचायला तीन-चार मिनिटे उशीर होताना दिसला, कप्तानाने काटा पाहिला, आणि शहाणपणाने विमान रोमला उतरवून इंधन भरले. फ्रँकफर्टला ते पावणेदोन तास उशिरा पोचले.

कोणाच्या जिवाला धोका झाला नाही. धोका होऊ नये म्हणूनच रोम असते. पण दुसऱ्या दिवशी माझ्याकडे लेखी खुलासा मागण्यात आला आणि मी तो, कोणताही आडपडदा न ठेवता, दिला. त्यावर आमच्या वरिष्ठांनी लाल पेन्सिलीने शेरा मारला: 'हिशेब बरोबर, दिवस चुकला.' त्याखाली सही. एवढ्यावर प्रकरण दप्तरी दाखल झाले.

माझ्यापुरते ते दाखल झाले नाही. आमच्याच चाळीतला, दुसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा त्या विमानात होता. जर्मनीत कारखान्यात उमेदवारीला निघालेला, पहिल्यांदाच घराबाहेर पडलेला. त्याला घ्यायला आलेले गृहस्थ वाट पाहून कामावर निघून गेले, ठरलेली आगगाडी चुकली, आणि तो पोरगा मेतकुटाचा डबा आणि दोन स्वेटर घेऊन संध्याकाळपर्यंत स्टेशनात बसून राहिला. हे मला त्याच्या वडिलांनीच, महिन्याभराने पत्र आल्यावर, जिन्यात उभे राहून सांगितले. आणि वर 'विमान म्हटले की थोडे मागेपुढे व्हायचेच, तुम्ही तरी काय करणार?' अशी माझीच समजूत घातली. मी 'हो' म्हणालो. दप्तरात जो खुलासा मी दोन परिच्छेदांत दिला होता, तो जिन्यात मला एका वाक्यातही देता आला नाही. ते गृहस्थ आता नाहीत. मुलगा तिकडेच स्थायिक झाला. त्याच्या वाचनात हा मजकूर येईल, तर त्याने तो खुलासा समजावा.

प्रवाशांना छापील वेळापत्रकात जो वेळ दिसतो, त्याला आम्ही 'ब्लॉक टाइम' म्हणत असू. चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून ते परगावी पुन्हा लावेपर्यंतचा. तो प्रत्येक हंगामाचे सरासरी वारे पाहून, धावपट्टीपाशी रांगेत उभे राहण्याचा वेळ धरून, महिनोन् महिने आधी ठरवलेला असतो. उडण्याचा खरा वेळ हा त्याच्या पोटात कुठेतरी असतो. तेव्हा विमान 'वेळेआधी' उतरले म्हणून वैमानिकाचे कौतुक आणि उशिरा उतरले म्हणून त्याची निंदा, या दोन्ही गोष्टी निम्म्याहून अधिक वेळा वाऱ्याच्या खाती टाकाव्या लागतील.

१९९० साली इराकने कुवेतवर आक्रमण केले तो प्रसंग आला, तेव्हा आमच्या दप्तरातले सारे शिरस्ते गुंडाळून ठेवावे लागले. लाखाहून अधिक भारतीय माणसे सुमारे दोन महिन्यांत जॉर्डनमधील अम्मानहून विमानांनी आणण्यात आली, आणि त्यातली बहुसंख्य मुंबईत उतरली. अम्मान ते मुंबई दोरा सुमारे २,१३० सागरी मैलांचा. पाच तासांच्या आसपासचे काम. हिशेबाला सोपा मार्ग. एके पहाटे काही कामानिमित्त मी सहार विमानतळाच्या आगमन कक्षात गेलो, तिथे एक मालवणी गृहस्थ, अंगावरच्या कपड्यांनिशी आलेले, पायात दोन निराळ्या जोडांच्या चपला, जमिनीवर बसून चहा पीत होते. सहज विचारले, किती वेळ लागला? ते म्हणाले, 'बावीस दिवस.' कुवेतहून बगदाद, बगदादहून वाळवंटातून बसने सरहद्द, सरहद्दीवर तंबूत मुक्काम, मग अम्मान. माझ्या तक्त्यात त्यांतले शेवटचे पाच तासच काय ते होते.

२००३ साली मी निवृत्त झालो. चार वर्षांनी, २००७ च्या ऑगस्टात, एअर इंडियाचे विमान मुंबईहून न्यूयॉर्कला वाटेत कुठेही न उतरता जाऊ लागले. आजीच्या मापाने न्यूयॉर्क आता एकाच मजलेवर आले. मला त्याचा आनंद झाला, आणि धंद्यातल्या माणसाला होतो तसा थोडा खेदही झाला, कारण न थांबता जाणे हे इंधनाच्या दृष्टीने भारी महागाचे काम आहे. जितके ओझे वाहावे तितके इंधन जळते, आणि इंधन हेच मोठे ओझे. पंधराव्या तासाला लागणारे इंधन आधीचे चौदा तास पंखांत घेऊन हिंडवावे लागते, आणि हिंडवण्याच्या श्रमातच त्याचा तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, खर्ची पडतो. पंढरीच्या वाटेवर सगळ्या मुक्कामांचा शिधा पहिल्याच दिवशी डोक्यावर घेऊन निघणारा वारकरी कोणी पाहिला आहे काय? पण लोकांना वेळ प्यारा आहे, आणि तेही खरेच.

त्यानंतर एकदा अमेरिकेत मुलीकडे गेलो तेव्हा मी त्याच न थांबणाऱ्या विमानाने गेलो. रात्रभर जागा राहून मी समोरच्या पडद्यावरचा नकाशा पाहत होतो. पहाटे कधीतरी पडद्यावर मॉस्कोचे नाव उमटले आणि विमानाची छोटी आकृती त्याच्या जवळून पुढे सरकली. शेजारचे प्रवासी झोपले होते; सांगणार कोणाला? आमच्या वरिष्ठांनी अंगठ्याने दाबून धरलेला दोरा चाळीस वर्षांनी मी प्रत्यक्ष चालत होतो. ते दिवसही फार टिकले नाहीत. २०१९ साली पाकिस्तानचे आकाश साडेचार महिने बंद राहिले. मुंबईच्या विमानांना समुद्रावरून मस्कतची बाजू धरता आली म्हणून त्यांचे थोडक्यात भागले, दिल्लीकरांचे हाल झाले. २०२२ पासून रशियाने अनेक पाश्चात्त्य देशांच्या विमानांना आपले आकाश बंद केले. गोलावरचा दोरा होता तिथेच आहे. त्याच्यावरून जायला मात्र कोणाला परवानगी आहे, हे त्या त्या सालची वर्तमानपत्रे पाहून ठरते.

अंतर आणि वेळ यांची फारकत किती टोकाला जाते, याचा दाखला २०१६ च्या ऑक्टोबरात मिळाला. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला एअर इंडियाचे विमान नेहमी पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जाई: सुमारे १३,९०० किलोमीटर आणि सोळा तासांच्या वर. त्या महिन्यात ते पहिल्यांदा उलट दिशेने, पूर्वेकडून प्रशांत महासागरावरून गेले. वाट १५,३०० किलोमीटरांची, आणि वेळ लागला साडेचौदा तास. चौदाशे किलोमीटर अधिक चालून ते दीड तास आधी पोचले, कारण सगळी वाट वारा पाठीशी होता. ही बातमी मी कापून ठेवली आहे. आमचे वरिष्ठ असते तर त्यांनी तीवर लाल पेन्सिलीने काय लिहिले असते, हे मी पुष्कळदा मनाशी जुळवून पाहतो.

गेल्या पौषात शेजारच्या वहिनी आल्या. त्यांची मुलगी न्यू जर्सीहून सात वर्षांनी येणार होती. 'भाऊजी, तुम्ही नेमके सांगा, किती लांब आहे ते? कोणी सोळा तास म्हणते, कोणी चौदा म्हणते, आणि घड्याळाने पाहावे तर विमान आज सुटते नि उद्या रात्री पोचते.' मी मेजाचा खण उघडून तो दोरा काढला. आता पिवळा पडला आहे. त्यांच्या तळहातावर तो ठेवून मी म्हणालो, 'एक वीत आणि चार बोटे.' त्यांनी वीत लावून पाहिली. त्यांची वीत माझ्याहून लहान, म्हणून सहा बोटे भरली. मग मी त्यांना समजावले की, साडेदहा तास हे घड्याळांतल्या फरकाचे, ते धरायचे नाहीत. वेळापत्रकात साडेचौदा तास दिले आहेत, पण दिवस हिवाळ्याचे आहेत, वारा पाठीशी आहे, तेव्हा विमानतळावर जरा लवकर निघा. 'विमान कधी लवकर येते होय?' असे म्हणून त्या हसल्या.

त्या रात्री विमान नेमल्या वेळेच्या बावीस मिनिटे आधी उतरले. घरची मंडळी तेव्हा अंधेरीच्या पुलावर गाड्यांच्या रांगेत अडकली होती.